सेवेचा गौरव कोणी करावयाचा?

१

लोकसेवकांचा गौरव करण्याची आपल्याकडे आता रीतच पडून गेली आहे. दर वर्षी २१ एप्रिलला केंद्र सरकार नागरी सेवा दिन पाळते आणि उत्तम प्रशासनाबद्दल अधिकाऱ्यांना पंतप्रधानांच्या नावाचे पुरस्कार देते. जिल्हा परिषदा आदर्श ग्रामसेवक निवडतात. तालुक्याच्या गावी लहानमोठ्या संस्था कोणाला 'समाजभूषण' तर कोणाला 'आदर्श लोकसेवक' ठरवितात. शाल, श्रीफळ, मानपत्र, भाषणे आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छायाचित्र, असा हा सोहळा असतो. यात मुळात गैर काही नाही. चांगल्या माणसाला उघडपणे चांगले म्हणणे, हे समाज जिवंत असल्याचे लक्षण आहे. परंतु या सोहळ्यांकडे पाहताना दोन प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाहीत. या माणसाला लोकसेवक कोणी ठरविले? आणि ज्यांची सेवा झाली असे आपण म्हणतो, त्यांना कोणी काही विचारले काय?

मी तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातील एका गावी पाळीने येसकरकी करीत. सरकारी दप्तरात ते 'कनिष्ठ गावकामगार' होते. गावाच्या तोंडी त्यांना जातीच्या नावाखेरीज दुसरे नाव नव्हते. त्यामुळे 'लोकसेवक' हा शब्द ऐकला की माझ्यापुढे प्रथम कलेक्टर किंवा मामलेदार उभा राहत नाही. हातात काठी घेऊन वेशीपाशी उभा असलेला माणूस उभा राहतो. हा माझा पक्षपात असेल तर तो मान्य करूनच मी पुढचे लिहितो. कारण महाराष्ट्रातील सार्वजनिक सेवेचा इतिहास ज्याला लिहावयाचा आहे, त्याला या माणसाला ओलांडून पुढे जाता येणार नाही.

२

येसकर-तराळ काय काम करीत असे, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. गावात येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवणे, चावडीवर लोकांना बोलावून आणणे, दवंडी पिटणे, जमा झालेला सारा तालुक्याच्या खजिन्यापर्यंत पोचविणे, सरकारी कागद एका गावाहून दुसऱ्या गावाला नेणे, मुक्कामाला आलेल्या साहेबाच्या घोड्याला गवत घालणे, त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, रस्ते झाडणे, मेलेले ढोर ओढणे, सरपण फोडणे, मैतीचा सांगावा परगावी नेणे. शिवेचा तंटा उभा राहिला की शीव दाखवावयाची त्यानेच. पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरात जे लिहिलेले नसे ते याच्या ध्यानात असे. महसूल, पोलीस, टपाल, आरोग्य, बांधकाम या आजच्या पाच खात्यांची कामे एक माणूस करीत होता. खरे तर एक माणूस नव्हे, एक कुटुंब. घरचा कर्ता आजारी पडला किंवा परगावी गेला, तर त्याच्या जागी भाऊ जाई, बाप जाई, कधी बाईमाणूस जाई. काम थांबलेले चालत नसे.

या कामाबद्दल मिळे ते हाडकी-हाडोळ्याच्या जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. जमिनीवर जुडी भरावयाची ती वेगळीच. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन त्या तुकड्याचे इतके तुकडे झाले, की पाळी आली तरी पीक कोणाच्या पदरात पडत नसे. बलुते देणे शेतकऱ्याच्या मर्जीवर असे. काम करणे मात्र येसकराच्या मर्जीवर नसे. १८७४ च्या मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ही व्यवस्था सरकारी चौकटीत बसविली. गावाने जे रूढीने लादले होते, ते इंग्रज सरकारने कायद्याने कायम केले.

बिदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्कांची सनद दिली, अशी कथा आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी होती. ती कथा ऐतिहासिक कसोटीला किती उतरते हा प्रश्न येथे मी बाजूला ठेवतो. कथेचा अर्थ मला महत्त्वाचा वाटतो. ज्याला कोणी मानपत्र दिले नाही, त्याने आपले मानपत्र आपणच रचले. मढ्यावरच्या कापडाला आणि उष्ट्या भाकरीला 'हक्क' म्हणावयाचे, म्हणजे भीक मागतो आहोत ही टोचणी कमी होते. त्या शब्दात अपमान गिळण्याची युक्तीही आहे आणि आपण काही काम करतो, ते फुकटचे नाही, ही जाणीवही आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या 'हक्कां'चे खरे स्वरूप ओळखले. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे बिल मांडले. गावकामगाराला नियमित मोबदला मिळावा, बलुत्याचे पैशात रूपांतर व्हावे, ज्याला वतन सोडावयाचे असेल त्याला ते सोडून जमीन रयताव्याने ठेवता यावी, असा त्याचा रोख होता. बिल पुढे सरकले नाही. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. त्या काळात आपल्यातीलच अनेकांना वतन सोडणे म्हणजे इभ्रत सोडणे वाटत होते. बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. जी नोकरी सोडता येत नाही, जिचा पगार ठरलेला नाही आणि जी बापाकडून मुलाकडे रोगासारखी येते, तिला नोकरी म्हणता येत नाही, गुलामगिरीच म्हणावे लागते. अखेर १९५८ साली कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा झाला. त्यातही जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग कब्जेहक्काची रक्कम भरून, विक्रीवर अटी घालून, पुन्हा वतनदाराच्या नावे करावयाची असे ठरले. ज्यांच्या पूर्वजांनी ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या राबून सोडवून घेतली होती, त्यांनी ती पुन्हा पैसे भरून घ्यावी, असा हा न्याय. कित्येकांजवळ ती रक्कम नव्हती. कित्येकांना कायदा झाल्याचे कळलेच नाही. सरकारचा सर्वांत जुना नोकर निवृत्त झाला तेव्हा त्याचा सत्कार असा झाला.

३

वरून मिळणाऱ्या गौरवाचे मोल काय असते, हे आपल्याच इतिहासातील दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसते. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगावला लढाई झाली. कंपनी सरकारने तेथे जयस्तंभ उभारला आणि त्यावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली. त्यातील अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. गावात ज्याला नाव नव्हते, त्याचे नाव दगडावर आले. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले, यामागचे कारण उघड आहे.

पण त्या दगडानंतर काय झाले, तेही सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात त्याच सरकारने 'लढवय्या जाती'चा सिद्धान्त पुढे करून महारांची लष्करभरती बंद केली. स्तंभ उभा राहिला आणि ज्यांच्यासाठी तो उभा होता, त्यांच्या नातवंडांना पलटणीचे दार बंद झाले. महाडजवळच्या रावढळ गावचे, पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेतून भारतमंत्र्यांकडे अर्ज गेला. लष्करात, पोलिसात आणि सरकारी नोकरीत आम्हाला पुन्हा घ्या, एवढीच मागणी होती. 'आमच्या वाडवडिलांनी सेवा केली' हे या अर्जांतले मोठे आधारवाक्य. सरकारने सेवेचा गौरव केला होता, तो दगडाच्या रूपाने. सेवेचा हक्क मात्र दिला नव्हता. गौरव आणि हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राज्यकर्त्याला पहिली देणे नेहमीच स्वस्त पडते.

वलंगकरांचेच आणखी एक उदाहरण आहे. १८९५ साली महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. एक अस्पृश्य माणूस सार्वजनिक कारभारात सभासद म्हणून बसणार, ही गोष्ट तेथल्या उच्चवर्णीय सभासदांना सहन झाली नाही. मोठा गदारोळ उडाला. येसकर म्हणून चावडीच्या पायरीशी बसणारा महार त्यांना चालत होता. तीच माणसे तोच तालुका चालवीत होती, तीच कामे होती. बदल एवढाच होता, की आता तो हुकूम ऐकणाऱ्यांत नसून ठराव करणाऱ्यांत होता. लोकसेवा कोणी करावयाची याबद्दल समाजाची तक्रार कधीच नव्हती. लोकसेवक म्हणून कोणाला मानावयाचे, येथे खरे भांडण होते.

४

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली आपल्या संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१८ साली त्यांनी महार वतने रद्द करून जमिनी रयताव्याने महारांच्या नावे केल्या आणि महारांना तलाठ्याच्या जागांवर घेतले. मुंबई इलाख्यात हेच व्हावयास आणखी चाळीस वर्षे लागली. या निर्णयाचा गाभा वाचकांनी ध्यानात घ्यावा. राजाने येसकराचा सत्कार केला नाही. त्याला येसकरकीतून सोडविले, आणि जो फुकट राबत होता त्याच्या जातीच्या माणसाला पगारी सरकारी नोकर केले.

महाराजांना इंग्रज सरकारने अनेक मोठे किताब दिले होते. आज ते किताब कोणाला आठवत नाहीत. 'राजर्षी' ही पदवी मात्र टिकली. ती व्हाइसरॉयने दिलेली नव्हती. १९१९ साली कानपूरला कुर्मी समाजाने दिली होती. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यांचे पहिले स्मारक १९२५ साली कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभे राहिले, आणि ते उभारण्यात पुढाकार होता गंगाराम कांबळे यांचा. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून ज्याला सवर्ण नोकरांनी मारहाण केली, ज्याला महाराजांनी हॉटेल काढून दिले आणि ज्याच्या हॉटेलात चारचौघांदेखत महाराज चहा घेत, तोच हा गंगाराम. ज्याची सेवा झाली, त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे दगड बसवून ती मान्य केली. कोरेगावचा स्तंभ सरकारने सैनिकांसाठी बांधला, नर्सरी बागेतले स्मारक रयतेने राजासाठी बांधले. पहिला गौरव करणाऱ्याने पुढे पाठ फिरविली. दुसरा गौरव करणाऱ्याला तशी पाठ फिरविता येणे शक्यच नव्हते, कारण त्याच्या रोजच्या जगण्यात ती सेवा मिसळून गेली होती.

५

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातले, मुंबईच्या कायदे कौन्सिलातले सभासद. १९०७ साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या कौतुकाची जी सभा झाली, तिचे अध्यक्ष हेच बोले होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना मोकळे असावेत, हा त्याचा आशय. पुढच्या महिन्यात सरकारने त्याप्रमाणे आपल्या खात्यांना कळविले. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ गोविंद टिपणीस, म्हणजे सुरबानाना, त्या वेळी नगराध्यक्ष होते.

बोले यांना सरकारने रावबहादूर केले. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर हे किताब त्या काळी सार्वजनिक सेवेबद्दल म्हणून दिले जात. मद्रासकडे एम. सी. राजा आणि आर. श्रीनिवासन या अस्पृश्य पुढाऱ्यांनाही असे किताब मिळाले होते. किताब मिळालेली सगळी माणसे सरकारची खुशामत करणारी होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बोले तसे नव्हते. ठराव कागदावरच राहतो आहे हे पाहून १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला: ज्या नगरपालिका व स्थानिक संस्था हा ठराव अमलात आणीत नाहीत, त्यांचे अनुदान बंद करावे. आपण केलेल्या कामाचे पुढे काय झाले, हे पाहावयास मागे वळणारे लोकप्रतिनिधी तेव्हाही थोडे होते आणि आजही थोडेच आहेत.

तरी एक गोष्ट राहतेच. १९२३ चा ठराव झाला, १९२४ चा झाला, १९२६ चा झाला. चवदार तळ्यावर गाई-म्हशी पाणी पीत होत्या. महार-चांभार पीत नव्हते. तीन वर्षे तो कायदा कोरडा पडून होता. बोले आणि टिपणीस यांची सेवा त्या दिवसापर्यंत पुरी झालेली नव्हती. ती पुरी केली ती १९२७ च्या मार्चमध्ये. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव फिरून कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेला माणसे गोळा केली. १९ आणि २० मार्चला परिषद भरली, आणि २० तारखेला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे रांगेने तळ्यावर गेली. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. त्या ओंजळीने महाडच्या नगरपालिकेचा ठराव खरा झाला.

मला असे म्हणावयाचे आहे, की बोले यांच्या लोकसेवेचा खरा गौरव तो होता. 'रावबहादूर' ही पदवी नव्हे. ज्याच्यासाठी कायदा केला त्याने पुढे होऊन तो वापरला, यापेक्षा कायदा करणाऱ्याचा मोठा सन्मान कोणता? आणि तो सन्मान करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. पाणी पिऊन परतणाऱ्यांवर गावातील सवर्णांनी हल्ला केला, कित्येकांची डोकी फुटली. नंतर तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बोले यांचा मूळ ठराव मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. डिसेंबरात सत्याग्रह पुन्हा उभा राहू लागला तेव्हा तळे खाजगी असल्याचे सांगून न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविण्यात आला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

सुरबानाना टिपणीसांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत. ते चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. ठराव करून ते घरी बसले असते तरी सुधारक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. ते महाडच्या लढ्यात उभे राहिले, पुढेही चळवळीसोबत राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे विधानसभेवर निवडून आले. पदावर असताना केलेल्या सेवेची किंमत पद गेल्यावर मोजावयास जो तयार असतो, त्याला आपले लोक विसरत नाहीत. महाड परिसरात त्यांचे नाव आजही 'सुरबानाना' असे घरच्या माणसासारखे घेतले जाते. ही पदवी कोणत्याही राजपत्रात छापलेली नाही.

६

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले. रावबहादूर गेले. पुढे १९५४ साली भारतरत्न आणि पद्म पुरस्कार सुरू झाले. घटनेशी ते विसंगत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले; त्या वादात मी शिरत नाही. मला दादासाहेब गायकवाडांची आठवण होते. भूमिहीनांना जमीन द्या म्हणून १९५९ आणि १९६४-६५ साली त्यांनी जे सत्याग्रह केले, त्यात हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. १९६८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भूमिहीनांनी कसलेल्या गायरान जमिनींवरील अतिक्रमणे नियमित करण्याचा महाराष्ट्र शासनाचा प्रमुख निर्णय मात्र २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे, आणि त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून लोक अजून तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवीत आहेत. सेवकाला पदक लवकर मिळाले. ज्या मागणीसाठी त्याने हाडे झिजविली, तिला तेवीस वर्षांनी कागद मिळाला. लोक त्यांना पद्मश्री म्हणून ओळखत नाहीत, 'कर्मवीर' म्हणून ओळखतात.

महाराष्ट्र शासन 'दलित मित्र' नावाचा पुरस्कार देत असे. आता त्याचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार असे आहे. हा पुरस्कार मिळालेल्यांत फार मोलाची माणसे होती आणि आहेत. माझी हरकत जुन्या नावापुरती होती, आणि ते बदलले हे बरेच झाले. जो नागरिकाचे काम नियमाप्रमाणे करतो तो त्याचा मित्र ठरत असेल, तर बाकीचे नोकर त्याचे कोण? दलितांचे काम करणे ही मैत्री आणि इतरांचे काम करणे ही कर्तव्यबुद्धी, असा भेद त्या नावात लपलेला होता.

२०००-०१ साली राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे झाडून निघाली, स्पर्धा झाल्या, ग्रामपंचायतींना बक्षिसे मिळाली, पुढे केंद्राचे निर्मल ग्राम पुरस्कारही आले. या मोहिमेने खेड्यांचे भले केले, हे मी मान्य करतो. पण हातात खराटा घेतलेल्या सरपंचाचे छायाचित्र छापून येते तेव्हा, ज्यांच्या पिढ्या हाच खराटा घेऊन त्याच रस्त्यावर वाकल्या, त्यांचे छायाचित्र कोणी कधी काढले? एका दिवसाचा खराटा पुरस्काराला पात्र होतो, जन्माचा खराटा जातीला चिकटतो. २०१९ साली प्रयागराजच्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. हाताने मैला उचलण्याची प्रथा बंद करणारे कायदे १९९३ आणि २०१३ साली झाले आहेत. गटारात उतरून मेलेल्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. माणसे उतरतच आहेत. मुंबईतील २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले. धुतलेल्या पायांना गमबूट मिळाले की नाही, हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे मानले जाते. तो विचारलाच पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने तालुक्यातील आदर्श लोकसेवक निवडण्याच्या समितीवर मला घेतले होते. तीस वर्षे गावचे नळ सोडणारा आणि गटारे काढणारा एक कामगार मी सुचविला. "तो तर त्याचा पगार घेतो," असे उत्तर मिळाले. त्या यादीत दोन अधिकारी होते. पगार तेही घेत होते. मी तसे म्हणालो, हसण्यावारी गेले. त्या हसण्यात कोणाचा दुष्टपणा होता असे मला वाटत नाही. काम आणि सेवा यांतला फरक जातीच्या डोळ्यांनी ठरतो, हे हसणाऱ्यांच्या गावीही नव्हते. अधिकाऱ्याने कर्तव्य केले की ती सेवा, आणि आपल्या माणसाने जन्मभर सेवा केली की ते त्याचे काम.

७

या सगळ्या इतिहासातून लोकसेवेच्या तीन कसोट्या मला दिसतात. पहिली: सेवा करणारा ती नाकारण्यास मोकळा आहे काय? नसेल, तर त्याचा सत्कार करण्याआधी त्याला मोकळे करा. दुसरी: त्याच्या सेवेने लोकांच्या हाती हक्क आला, की केवळ उपकार आला? बोले यांनी पाणी वाटले नाही, पाण्यावरचा हक्क लिहून ठेवला. तिसरी: ज्यांची सेवा झाली त्यांनी ती वापरली काय, आणि त्यांचे मत कोणी नोंदविले काय? या तिसऱ्या कसोटीला आजचे बहुतेक पुरस्कार बसत नाहीत, कारण निवड समितीत वस्तीतला माणूस नसतो.

२०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम आला. दाखला, उतारा, नोंद ठरलेल्या मुदतीत मिळणे हा आता नागरिकाचा हक्क आहे. न मिळाल्यास अपील आहे, अधिकाऱ्याला दंड आहे. जातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या आपल्या मुलांना मी वर्गात हा कायदा इतिहासाचा धडा म्हणूनच शिकवितो. चावडीच्या पायरीपासून या कायद्यापर्यंत यावयास आपल्याला एवढी वर्षे लागली. पण कायदा असणे आणि ओंजळीत पाणी येणे, यांच्यामध्ये १९२४ ते १९२७ एवढे अंतर असते. ते अंतर रावबहादुरांनी तोडले नव्हते. पायी चालत आलेल्या, नावे न राहिलेल्या माणसांनी तोडले.

म्हणून माझी आपल्या लेखक-कार्यकर्त्यांना एक विनंती आहे. पुरस्कारांच्या यादीत आपले नाव नाही म्हणून खंत करीत बसू नये. आपापल्या तालुक्याचा सेवेचा इतिहास लिहावा. कोणत्या मामलेदाराने वतनाची जमीन नावावर करून दिली, कोणत्या शिक्षकाने आपल्या पोरांना ओट्यावरून वर्गात आणून बसविले, कोणत्या परिचारिकेने वस्तीत येऊन बाळंतपण केले, हे म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. तसेच कोणी दार लावून घेतले, हेही त्यांना आठवते. दोन्ही लिहून ठेवावे. आणि त्या यादीत पहिले नाव येसकराचे घालावे, त्याच्या बापाच्या नावासकट. गावकामगारांच्या जुन्या नोंदी तहसीलच्या दप्तरात आहेत. त्यांतून ही नावे निघू शकतात. सरकार त्यांना पुरस्कार देईल न देईल. आपल्या सेवकांची नावे आपण लिहावयाची, हे काम कोणाच्या परवानगीवाचून आजच सुरू करता येते.